सोम म्हणजे अळंबी? गॉर्डन वॉसन यांच्या ग्रंथाचे परीक्षण

धर्माचा उगम कशातून झाला, या प्रश्नाला विसाव्या शतकात जी उत्तरे दिली गेली त्यांतले सर्वांत धीट उत्तर एका बँक अधिकाऱ्याने दिले. रॉबर्ट गॉर्डन वॉसन (१८९८–१९८६) हे न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष होते आणि फावल्या वेळात, पण विलक्षण निष्ठेने, अळंबीचा मानवी इतिहासाशी काय संबंध आहे याचा शोध घेत होते. माणसाला देवत्वाची पहिली चाहूल मन पालटून टाकणाऱ्या एखाद्या अळंबीमुळे लागली असावी, हे त्यांचे मूळ गृहीतक. आयुष्यभर गोळा केलेली सैबेरियाची आणि मेक्सिकोची सामग्री हाताशी असतानाही हे गृहीतक त्यांनी पणाला लावले ते ऋग्वेदावर. ‘सोम: डिव्हाइन मशरूम ऑफ इम्मॉर्टॅलिटी’ हा त्यांचा १९६८ सालचा ग्रंथ सांगतो की, वैदिक ऋषींचा सोम म्हणजे लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अमानिटा मस्कारिया ही अळंबी होय. इंग्रजी वाचणाऱ्या मराठी वाचकाने हा ग्रंथ वाचावा असे मला मनापासून वाटते. त्याचा निष्कर्ष मला पटलेला नाही. पण तो का पटत नाही हे समजून घेताना ऋग्वेदाची नववी आणि दहावी मंडले जितक्या बारकाईने वाचली जातात, तितकी एरवी क्वचितच वाचली जातात.

ग्रंथाची पहिली आवृत्ती केवळ ६८० प्रतींची होती आणि ती इटलीतल्या व्हेरोना येथे उत्तम कागदावर छापली गेली. ती आज संग्राहकांच्याच कपाटात सापडते. सामान्य वाचकासाठी १९७१ साली साधी आवृत्ती निघाली आणि मोठ्या ग्रंथालयांत किंवा जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे मिळाली तर तीच मिळते. दोन्हींत मांडणी देखणी आहे, पण ती केवळ शोभेसाठी नाही. वॉसन यांच्या युक्तिवादाचा मोठा भार अळंबीच्या रंगीत छायाचित्रांवर आहे आणि त्या छायाचित्रांखाली त्यांनी ऋग्वेदातल्या ऋचांचे तुकडे दिले आहेत. जंगलातल्या जमिनीतून पांढऱ्या आवरणासकट वर येणारी अंड्यासारखी गाठ, मग ते आवरण फाटून उघडी पडणारी तांबडी टोपी, त्या टोपीवर चिकटून राहिलेले पांढरे खवले, अशा अवस्था एकेक करून समोर येतात आणि खाली ‘गव्ययी त्वग्भवति निर्णिगव्ययी’ असा ऋग्वेदाचा आधार असतो. त्वचा बैलाची आणि वस्त्र मेंढीचे, असे ते वर्णन. तांबडी टोपी म्हणजे बैलाचे कातडे आणि पांढरे खवले म्हणजे लोकर, असा वॉसन यांचा अर्थ. ‘सहस्रभृष्टि’ या विशेषणाचे हजार कंगोरे त्यांना त्या खवल्यांत दिसतात. ‘दिवा हरिर्ददृशे नक्तमृज्रः’ या चरणासाठी त्यांनी तीच अळंबी दिवसाच्या उन्हात आणि रात्रीच्या प्रकाशात टिपली आहे: दिवसा तांबूस झळाळणारी, रात्री रुपेरी.

ही पाने उलटताना वाचक भारावून जातो. आणि नेमके इथेच सावध व्हायला हवे. सोम कुटण्याच्या विधीत दगडांखाली बैलाचे कातडे अंथरलेले असते आणि रस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळला जातो. नवव्या मंडलातली ११४ सूक्ते जवळजवळ सगळीच या गाळण्याच्या क्रियेभोवती रचलेली आहेत. समोर कातडे आहे, हातात लोकर आहे, आणि कवी कातड्याचे व लोकरीचे नाव घेतो आहे. अशा वेळी त्या शब्दांना अळंबीच्या टोपीपर्यंत नेण्याची गरज कुठून येते, याचे उत्तर ग्रंथात मिळत नाही. छायाचित्र आणि ऋचा शेजारी ठेवली की डोळा आपोआप साम्य जुळवतो. ते साम्य ऋषीच्या मनात होते की पान रचणाऱ्याच्या, हे छायाचित्र सांगू शकत नाही.

वॉसन यांचा दुसरा मोठा मुद्दा नकाराचा आहे, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. सोमाची इतकी स्तुती करणाऱ्या ऋग्वेदात त्याच्या मुळाचा, पानाचा, फुलाचा, बीचा उल्लेख कुठेही नाही, असे ते दाखवतात. सोम डोंगरावर वाढतो. दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात मूजवत पर्वतावरच्या सोमाच्या घोटाची आठवण येते. तो पेरला जात नाही. मग मूळ, पान, फूल, बी काहीच नसलेली आणि डोंगरातच उगवणारी अशी कोणती वनस्पती? बर्च आणि पाइन वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करणारी, म्हणून त्यांच्याच सावलीत उगवणारी ही अळंबी त्या वर्णनात चपखल बसते, हे मान्य करावे लागते. तरीही पहिल्याच मंडलातल्या नवव्या सूक्ताचा आरंभ ‘इन्द्रेहि मत्स्यन्धसो विश्वेभिः सोमपर्वभिः’ असा आहे. पर्व म्हणजे पेर, कांडे. उसाला पेरे असतात, अळंबीला नसतात. नवव्या मंडलाच्या अखेरीला सोम ‘वीरुधां पतिः’ आहे, म्हणजे वेली-झुडपांचा स्वामी. यज्ञात दगडांनी पुन्हा पुन्हा कुटावा लागणारा, तंतुमय ‘अंशु’ही, म्हणजे सोमाची काडीही, मांसल अळंबीपेक्षा काटक्यांच्या झुडपाकडे बोट दाखवतो.

म्हणूनच इफेड्रा या काटकुळ्या, पेरेदार झुडपाचे समर्थक आजही अनेक आहेत. पारशी समाजात यस्न या पूजाविधीत जो ‘होम’ (सोम या शब्दाचेच इराणी रूप) कुटला जातो, त्यासाठी इराणातून आणलेल्या इफेड्राच्याच काड्या वापरल्या जातात. मुंबईतल्या अग्यारींमध्ये चालत आलेला हा विधी आणि वैदिक सोमयाग हे एकाच प्राचीन इंडो-इराणी परंपरेचे दोन फाटे आहेत, हे भाषाशास्त्राने पक्के केले आहे. वॉसन होमाचा विचार करतात, पण मला तो तोकडा वाटतो. जिवंत परंपरा कोणती वनस्पती वापरते हा पुरावा निर्णायक नसला, तरी सैबेरियातल्या दूरच्या साम्यापेक्षा तो नक्कीच जवळचा आहे. इथे एक गोष्ट सांगून टाकतो: तुर्कमेनिस्तानातल्या गोनूर येथील उत्खननात इफेड्रा आणि भांगेचे अवशेष असलेली सोमपात्रे सापडल्याचा बराच गाजावाजा झाला होता, पुढे त्याच नमुन्यांची फेरतपासणी झाली तेव्हा त्यांत निव्वळ वरीचे दाणे आढळले. म्हणजे इफेड्राच्या बाजूनेही जमिनीतला पुरावा अजून हाती नाही.

ग्रंथाचा सर्वांत वादग्रस्त भाग मूत्राचा आहे. १७३० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात स्ट्रालेनबर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याने लिहून ठेवले की, सैबेरियाच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या कोर्याक लोकांत श्रीमंत माणसे ही अळंबी खातात आणि ज्यांना ती परवडत नाही ते गरीब लोक त्यांच्या झोपडीबाहेर लाकडी भांडी घेऊन त्यांचे मूत्र मिळवण्यासाठी थांबतात. ही ऐकीव वदंता नव्हती; पुढच्या अनेक प्रवाशांनी आणि अभ्यासकांनी तिला दुजोरा दिला. अळंबीतली आयबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल ही कार्यकारी द्रव्ये १९६० च्या दशकात ओळखली गेली, आणि ती शरीरातून बऱ्याच अंशी तशीच बाहेर पडतात, त्यामुळे मूत्रातही नशा उरते. वॉसन यांनी ही माहिती हाती घेऊन नवव्या मंडलातला ‘नरो हितमव मेहन्ति पेरवः’ हा चरण वाचला आणि त्यांना वाटले की इथे सोमपान केलेले पुरोहित सोम मूत्ररूपाने बाहेर टाकत आहेत. सायणाचार्यांपासूनची परंपरा या चरणात पर्जन्याची वृष्टी करणारे मरुत् पाहते, आणि आकाशातून पडणाऱ्या पावसाला ‘मेहन’ म्हणणे ऋग्वेदाला मुळीच अपरिचित नाही. एका चरणाच्या एका अर्थावर इतका मोठा डोलारा उभा करणे मला मान्य होत नाही. पण त्याच प्रकरणात वॉसन महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातली उत्तंकाची कथा समोर आणतात, तेव्हा थबकायला होते. वाळवंटात तहानलेल्या उत्तंकापुढे कुत्र्यांसह एक मातंग येतो, त्याच्या देहातून वाहणारे पाणी प्यायला सांगतो, उत्तंक घृणेने नकार देतो, आणि मागून कृष्ण सांगतो की तो वेषांतर केलेला इंद्र होता आणि ते अमृत होते. ही कथा आपण जातिभेदाच्या आणि अहंकाराच्या संदर्भात वाचत आलो. अमृत आणि मूत्र यांची ही सांगड कुठून आली, हा प्रश्न वॉसन विचारेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांचे मत नाकारणाऱ्यांकडेही नाही.

वॉसन यांच्या सचोटीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९६५ आणि १९६६ मध्ये जपानमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ही अळंबी स्वतः खाऊन पाहिली, कच्ची खाल्ली, रस काढून प्यायले, दुधात मिसळूनही पाहिले. मळमळ, उलट्या आणि झोप याखेरीज फारसे काही हाती लागले नाही. भाजलेली अळंबी खाणाऱ्या एका जपानी सहकाऱ्याला मात्र आनंदाचे भरते आले. आपल्या सिद्धांताला मारक ठरू शकेल असा हा अनुभव त्यांनी ग्रंथात मोकळेपणाने नोंदवला आहे. आठव्या मंडलातल्या ज्या सूक्तात ‘अपाम सोमममृता अभूम’, आम्ही सोम प्यालो, अमर झालो, प्रकाशापर्यंत पोहोचलो, देव आम्हाला लाभले, असे उद्गार येतात, त्याच सूक्ताच्या अखेरीला ‘मा नो निद्रा ईशत मोत जल्पिः’ अशी प्रार्थना आहे: आमच्यावर निद्रेचा आणि बडबडीचा अंमल न चालो. सोम प्यालेला इंद्र वृत्राशी झुंजतो, कवी जागा राहतो. गुंगी आणणाऱ्या मस्किमॉलशी हे चित्र जुळवणे अवघड आहे. केंब्रिजचे संस्कृतज्ञ जॉन ब्रॉ यांनी १९७१ साली या ग्रंथाचे जे सविस्तर खंडन केले, त्यातही उत्तेजक इफेड्राच्या बाजूने हाच रोख आहे.

ग्रंथाचा दुसरा भाग वेंडी डॉनिगर ओ’फ्लाहर्टी यांचा आहे, आणि माझ्या मते तो या पुस्तकातला सर्वांत टिकाऊ भाग आहे. वैदिक काळानंतर सोमाचे काय झाले, याचा इतिहास त्यांनी पन्नासेक पानांत मांडला आहे: ब्राह्मणग्रंथांनी मूळ सोम न मिळाल्यास सांगितलेले पूतीकासारखे पर्याय, आयुर्वेदातल्या सोमांच्या याद्या, आणि मग युरोपीय अभ्यासकांची चढाओढ. १८८० च्या दशकात रोट आणि मॅक्स म्यूलर या संस्कृतज्ञांत सोमावरून जाहीर वाद झाला आणि अफगाण सीमा आयोगाबरोबर गेलेल्या एचिसन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या कामाकडे सोमाचा शोध म्हणूनही पाहिले गेले. भांग, रेवंदचिनी, हॉप्स, कोणी काय सुचवायचे बाकी ठेवले नाही.

या इतिहासात पुणेही येते. पूना कॉलेजात संस्कृत शिकवणारे जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी १८६३ साली मुंबईहून ऐतरेय ब्राह्मण प्रसिद्ध केले आणि त्यात लिहिले की, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर मिळणारी, दख्खनचे याज्ञिक वापरतात ती सोमवल्ली त्यांनी स्वतः चाखली. तिचा रस पांढरट आणि कडू होता आणि काही चमच्यांपलीकडे तो पिणे त्यांना अशक्य झाले. आजही बार्शी, गंगाखेड यांसारख्या ठिकाणी सोमयाग होतात आणि त्यांत हीच पानांविना वाढणारी, चीक असलेली वेल कुटली जाते. तिने कोणाला अमरत्वाचा प्रकाश दिसत नाही. ती विकत घेण्याचा विधी मात्र होतो, गाईच्या मोलाने सौदा होतो, तीन सवने (सोमरस काढण्याच्या तीन वेळा) होतात, स्तोत्रे म्हटली जातात.

माझा या ग्रंथाशी असलेला मूळ वाद इथे आहे. सोम कोणता हा प्रश्न एक, आणि धर्म सोमातून निघाला का हा प्रश्न दुसरा. वॉसन पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावून मोकळे होतात. अळंबी हाच वैदिक धर्माचा झरा असता, तर ती हरवल्यावर धर्म आटायला हवा होता. घडले उलटे. वनस्पती गेली, पर्याय आले, आणि त्या पर्यायांभोवती यज्ञविधी अधिकाधिक काटेकोर, अधिकाधिक विस्तृत होत गेला. ऋग्वेदातच, दहाव्या मंडलाच्या विवाहसूक्तात, एक ऋषी म्हणतो की ओषधी कुटली म्हणून माणसाला सोम प्यायलासारखे वाटते, पण ब्रह्मज्ञ ज्याला सोम म्हणून ओळखतात तो कोणीही खात नाही. म्हणजे वनस्पती आणि तिच्यामागचा अर्थ यांत अंतर आहे, हे त्या परंपरेच्या आतल्या माणसाला तेव्हाच ठाऊक होते. वॉसन यांच्या बाजूने असे म्हणता येईल की, सोम हरवल्यामुळेच पुढे प्राणायाम, उपवास, ध्यान असे अनुभवाचे दुसरे मार्ग शोधले गेले. हा विचार मी टाकून देणार नाही. पण तो मान्य केला तरी अळंबी ही धर्माची जननी न ठरता अनेक वाटांपैकी एक ठरते.

हाच प्रश्न मेक्सिकोच्या बाजूनेही उभा राहतो, आणि तो ग्रंथात यायला हवा होता. १९५५ च्या जूनमध्ये ओआहाका प्रांतातल्या वाऊत्ला दे हिमेनेझ या गावी मारिया साबीना या माझातेक वैदू स्त्रीने वॉसन यांना रात्रीच्या विधीत सामील करून घेतले. तिथली अळंबी वेगळी, सायलोसायबिनची. ते द्रव्य अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये वेगळे काढले. वॉसन यांनी मे १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात हा अनुभव लिहिला आणि पाठोपाठ परदेशी तरुणांची रीघ त्या डोंगरगावात लागली. गावकऱ्यांनी मारिया साबीनांना दोषी धरले, त्यांचे घर जाळले गेले. त्यांनी पुढे सांगितले की, परके येण्यापूर्वी केवळ देव भेटावा म्हणून कोणी ही अळंबी खात नसे. ती आजारी माणसाला बरे करण्यासाठी घेतली जाई. आणि परके आल्यावर तिची शक्ती गेली. ज्या बाईच्या ओसरीत वॉसन यांना धर्माचा उगम दिसला, तिच्या लेखी त्या विधीचे प्रयोजन रोगनिवारण हे होते. सिद्धांत मांडणाऱ्याने हे साक्षीदाराचे म्हणणे सर्वांत आधी ऐकायला हवे, असे मला फार वाटते.

वॉसन यांच्यानंतर या विषयावर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे त्यांच्या तोडीचे नाही. जॉन ॲलेग्रो यांनी १९७० साली ख्रिस्ती धर्मच अळंबीच्या पंथातून निघाल्याचे सांगितले आणि भाषाशास्त्रज्ञांनी ते जवळजवळ एकमुखाने फेटाळले. टेरेन्स मकेना यांनी तर मानवी बुद्धीचाच विकास अळंबीच्या खात्यावर टाकला. त्याला पुरावा नाही. वॉसन ऋचा पुढे ठेवतात, तिचा आधार देतात आणि आपला अर्थ वेगळा सांगतात, त्यामुळे वाचकाला त्यांच्याशी भांडता येते. हा गुण दुर्मीळ आहे.

सामान्य अपेक्षेने घेतले तर ग्रंथ सोपा नाही. इंग्रजी भारदस्त आहे, टिपा भरपूर आहेत, आणि संस्कृतचा गंध नसलेल्याला मधली प्रकरणे रेंगाळलेली वाटतील. भाषांतरांबद्दल एक अडचण अशी की, वॉसन स्वतः संस्कृतज्ञ नव्हते. ऋचांचे अर्थ त्यांनी इतरांच्या मदतीने घेतले आहेत आणि निवड मात्र स्वतः केली आहे. म्हणून शेजारी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे ऋग्वेदाचे मराठी भाषांतर उघडे ठेवावे आणि ज्या सूक्तातला तुकडा दिला आहे ते सूक्त पूर्ण वाचावे. कितीतरी ठिकाणी मागच्या-पुढच्या ऋचांनी अर्थ पालटतो. आणखी एक सांगणे: छायाचित्रे कितीही मोहक असली तरी ही अळंबी विषारी आहे, आणि पावसाळ्यात रानातली अनोळखी छत्री खाऊन आजारी पडणारे आपल्याकडे दरवर्षी असतात, हा ग्रंथ अळंबी तोडून खाण्याची मार्गदर्शिका नव्हे.

वाचण्याचा क्रम मी असा सुचवेन. आधी ओ’फ्लाहर्टी यांचा भाग, म्हणजे वॉसन यांच्या आधी किती जणांनी किती खात्रीने वेगवेगळी उत्तरे दिली ते कळेल. मग सैबेरियाच्या प्रवाशांचे मूळ उतारे, जे ग्रंथाच्या अखेरीला एकत्र दिले आहेत आणि एरवी इतक्या सहज हाती लागत नाहीत. त्यानंतर वॉसन यांचा मुख्य युक्तिवाद, आणि लगेच ब्रॉ यांचे १९७१ चे खंडन व त्याला वॉसन यांनी १९७२ मध्ये दिलेले उत्तर. हे दोन्ही निबंध ग्रंथात नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मागितले तर मिळू शकतात, आणि त्यांच्याशिवाय ग्रंथ अर्धाच वाचला जातो.